आनंदीबाईंच्या पदवीला गेलेली पाहुणी

पुणे-नगर रस्त्याने रांजणगाव मागे टाकून शिरूरकडे निघाले, की कारेगाव लागते. शेजारी औद्योगिक वसाहत आली आणि या गावाचे रूप पालटले. भाड्याच्या खोल्या वाढल्या, हॉटेले वाढली, ज्वारी-बाजरीच्या शेतांना प्लॉटचा भाव आला. पण एक हौस या टापूतल्या गावांनी अजून सोडलेली नाही. घरात कोणी पदवीधर झाले, त्यातून ती घरातली पहिलीच मुलगी असली, की आधी रांजणगावच्या महागणपतीपुढे नारळ फुटतो, मग गल्लीत पेढे वाटले जातात आणि संध्याकाळी अंगणात मांडव पडतो. फेटे, शाल, श्रीफळ, हार आणि चौकात एक भला मोठा फलक. त्या फलकावर मुलीच्या छायाचित्रापेक्षा शुभेच्छुकांचीच छायाचित्रे अधिक! शहरी माणूस या थाटाची थट्टा करतो. पण मांडवाच्या कडेला बसलेल्या एखाद्या मावशीकडे किंवा आत्याकडे पाहावे. दोन एस.ट्या बदलून, पिशवीत खण-नारळ घेऊन ती आलेली असते. पदवी कसली, हे तिला नीट सांगता येणार नाही; आपल्या माणसाची आहे, एवढे तिला पुरते.

अशाच एका पाहुणीची ही गोष्ट. कारेगावाहून दक्षिणेला, न्हावऱ्यावरून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि थोड्याच वेळात केडगाव येते. पंडिता रमाबाईंचे केडगाव. आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षे रमाबाई या गावी राहिल्या. त्यांची मुक्ती मिशन ही संस्था पुणे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. या रमाबाई केडगावी येण्याच्या दहा वर्षे आधी, नात्यातल्या एका मुलीच्या पदवीदान समारंभाला गेल्या होत्या. तो समारंभ अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी होता आणि रमाबाई तेव्हा इंग्लंडात होत्या. पदरी पाच वर्षेही पुरी न झालेली मुलगी होती. तिला घेऊन, ऐन हिवाळ्यात, अटलांटिक महासागर ओलांडून त्या गेल्या. तारीख होती ११ मार्च १८८६, वार गुरुवार. आणि जिला पदवी मिळायची होती ती मुलगी म्हणजे आनंदीबाई गोपाळ जोशी.

आनंदीबाईंची कहाणी मराठी घरांना नवी नाही. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने ती घरोघर पोचवली. पुढे तिच्यावर नाटक झाले, दूरदर्शनवर मालिका झाली, २०१९ साली चित्रपट आला. या सगळ्यांत रंग भरतो तो विक्षिप्त गोपाळराव आणि त्यांची सोशिक, जिद्दी बायको यांच्या संसाराचा. ते साहजिकच आहे. परंतु त्या दिवशी फिलाडेल्फियात आनंदीबाईंचे म्हणून कोण कोण होते, त्यांतल्या प्रत्येकाने त्या पदवीत काय पाहिले आणि पुढे तिचे काय केले, हे पाहू लागले की ही कहाणी निराळीच दिसू लागते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोश्यांचे घर एके काळचे खातेपिते, पण उतरती कळा लागलेले. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, यमुनेचे लग्न गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून, बिजवर, वयाने वीसेक वर्षांनी मोठे. मुलीला शिकवू द्यावे, अशी त्यांची अट होती. त्या काळी हुंड्याच्या अटी सर्रास असत. ही अट ऐकून कल्याणकरांनी त्यांना वेड्यातच काढले असेल. गोपाळरावांनी यमुनेची आनंदी केली आणि हातात पाटी दिली.

या शिक्षणाचे चित्र फार गोडगुलाबी करू नये. गोपाळराव तापट होते. अभ्यासात कुचराई झाली की ते हात उगारत, हाताला येईल ती वस्तू फेकत. आपल्याला लाकडाने मारल्याची आठवण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट काढली आहे. त्याच पत्रव्यवहारात या माणसाचे ऋणही त्या मान्य करतात. एरवी नवरे बायकोला स्वयंपाक बिघडला म्हणून मारत. इथे पुस्तक वाचले नाही म्हणून मार बसे. मार तो मारच. पण आनंदीबाईंनी त्यातून जे उचलले ते पुस्तक.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट औषधोपचार मिळाले असते तर मूल जगले असते, ही टोचणी त्यांच्या मनात राहिली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टरला मज्जाव आणि बाई डॉक्टर तर औषधालाही नाही! या कोंडीत त्या काळी किती बायका आणि किती मुले गेली, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. आपण डॉक्टर व्हायचे, हे आनंदीबाईंनी ठरवले त्याचे मूळ या दहा दिवसांत आहे.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग बंगाल. कोल्हापुरात असताना, १८७८ साली, त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यामार्फत एक खटपट केली. बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, काही मदत होईल काय, अशी विचारणा केली. ख्रिस्ती व्हाल तर पाहू, असा उत्तराचा रोख होता. ते गोपाळरावांना मानवले नाही. हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला आणि तिथे विसरला गेला असता. पण १८८० साली न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे गेल्या असता, त्यांच्या हाती त्या मासिकाचा अंक पडला. वाचून त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. पुढे तीन वर्षे सातासमुद्रापलीकडून पत्रे येत-जात राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. रक्ताचे नाते नाही, भाषा एक नाही, धर्म एक नाही, तोंडही पाहिलेले नाही; पण पत्रातली मावशी सख्ख्या मावशीपेक्षा जवळची झाली.

१८८३ साल उजाडले तेव्हा जोशी दांपत्य कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला होते. बायको एकटी परदेशी जाणार, ही बातमी पसरताच स्वकीयांनी हलकल्लोळ केला. तेव्हा २४ फेब्रुवारीला श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात, अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलीने उभे राहून इंग्रजीतून भाषण केले. आपण का जातो, एकट्याच का जातो, इथेच का शिकत नाही, जातीने वाळीत टाकले तर काय, अशा एकेका प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी तिथे जाहीर केले. या भाषणानंतर वर्गणी जमू लागली; व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही तीत भर घातली. ७ एप्रिलला मिशनरी बायकांच्या सोबतीने त्या बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर मावशी उभी होती.

फिलाडेल्फियाचे ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ १८५० साली निघाले होते. बायकांना डॉक्टरकी शिकवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ही एक. तिच्या डीन रेचल बॉडली रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. आनंदीबाईंच्या अर्जाने त्या प्रभावित झाल्या. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली आणि ऑक्टोबर १८८३ मध्ये शिक्षण सुरू झाले.

पुढची अडीच वर्षे कशी गेली, हे सांगायला विद्वत्ता नको. परगावी वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ते कळेल. खोलीतली शेगडी धुराने कोंडणारी. शाकाहाराचा नेम सोडायचा नाही, त्यामुळे कित्येकदा उकडलेल्या बटाट्यावर भागवायचे. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियाच्या बर्फात ते सोसवत नाही, म्हणून पुष्कळ विचार करून त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. एवढी गोष्टही त्यांना नवऱ्याला पत्राने कळवावी लागली. गोपाळरावांची उत्तरे कधी कौतुकाची असत, कधी टोमण्यांची. ज्या माणसाने बायकोला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला धाडले, त्याला तिने पदर कसा घेतला याची मात्र काळजी! माणसाचे मन असे विचित्र असते.

या काळातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ चे. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशीच्या पोशाखात बसल्या आहेत : जपानच्या केई ओकामी, सीरियातल्या दमास्कसच्या साबात इस्लामबूली आणि आपल्या आनंदीबाई. तिघींच्या चेहऱ्यावर त्या काळच्या छायाचित्रांत असतो तसा गंभीर भाव. त्या तिघींत पदवी आधी आनंदीबाईंच्या हाती पडली. ओकामी १८८९ मध्ये आणि इस्लामबूली १८९० मध्ये पदवीधर झाल्या. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय घेतला तो हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्राचा. आयुर्वेदातले ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार त्यात आहे. दहा दिवसांच्या बाळाची आई याच विषयाकडे यावी, यात नवल नाही.

आणि आता रमाबाई. आनंदीबाईंपेक्षा सात वर्षांनी मोठ्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले म्हणून धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला होता. त्या आईने मुलीला शिकवले. तीर्थयात्रा करत हिंडणारे हे कुटुंब दक्षिणेतल्या दुष्काळात उपासमारीने खचले. आई-वडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आत तेही गेले. मांडीवर तान्ही मनोरमा. १८८२ मध्ये रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी एक मागणी आवर्जून केली. ती अशी, की या देशातील बायकांसाठी बाई डॉक्टर तयार झाल्या पाहिजेत. आनंदीबाई श्रीरामपुरात जे बोलल्या, तेच रमाबाई पुण्यात काही महिने आधी बोलून गेल्या होत्या. दोघींनी देश सोडला तोही एकाच वर्षी, १८८३ मध्ये; एक अमेरिकेला गेली, दुसरी इंग्लंडला.

पण इंग्लंडात जाताच रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्र त्यांच्यावर उसळला. कालपर्यंत पंडिता म्हणून डोक्यावर घेणारेच त्यांना दूषणे देऊ लागले. आनंदीबाईंचे मात्र कौतुक होत होते, कारण त्या हिंदू राहिल्या होत्या. अशा वेळी आनंदीबाईंनी या नातलग बाईपासून चार हात दूर राहणे व्यवहाराला धरून झाले असते. तसे त्यांनी केले नाही. डीन बॉडलींनी रमाबाईंना समारंभाचे आमंत्रण धाडले आणि रमाबाईंनी ते स्वीकारले. त्या वेळी त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथल्या हितचिंतकांना हा अमेरिकेचा बेत फारसा पसंत नव्हता. रमाबाई निघाल्याच. काही आठवड्यांत परत येऊ, असा त्यांचा विचार होता.

समारंभाला गोपाळरावही होते. नोकरी सोडून, पूर्वेकडून पृथ्वीला वळसा घालत, १८८५ मध्ये ते अमेरिकेत पोचले होते. तिथे त्यांनी व्याख्यानांचा धडाका लावला. विषय कोणता, तर अमेरिकेतल्या चालीरीती आणि मिशनऱ्यांचे दोष! ज्या लोकांच्या मदतीवर बायको शिकत होती त्यांच्याच तोंडावर ही टीका. त्यांचे सगळेच म्हणणे चूक होते असे नाही. वेळ मात्र त्यांना कधीच साधली नाही. आनंदीबाईंनी हा संकोच कसा निभावला असेल, हे नवऱ्याच्या भिडस्त नसलेल्या स्वभावामुळे चारचौघांत अवघडलेल्या बायका सांगू शकतील.

तेव्हा चित्र असे होते. एकविसाव्या वर्षाला अजून वीस दिवस कमी असलेली मुलगी वैद्यकीची पदवी घेते आहे. कल्याणचे माहेर तिथे नाही. नवरा आहे. त्याला आपल्या हातची मूर्ती पुरी झाल्याचा अभिमान आहे. डीन बॉडलींच्या दृष्टीने त्यांच्या कॉलेजचे काम आता आशिया खंडात पोचले आहे. रोझेलची मावशी आहे. तिच्या घरी या मुलीने हक्काने सुट्ट्या काढल्या आहेत. आणि एक विधवा, ख्रिस्ती झालेली, देशात बदनाम केली गेलेली नातलग आहे. ती या मुलीकडे पाहते आहे आणि आपण कमिशनपुढे मागितलेली बाई डॉक्टर तिच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष उभी आहे. मनोरमाला त्यातले काय कळले असेल! या माणसांत जात एक नाही, धर्म एक नाही, परस्परांचे विचार पटतात असेही नाही. गोपाळराव आणि रमाबाई यांचे तर मुळीच नाही. पण त्या गुरुवारी आनंदीबाईंचे घर म्हणतात ते हेच होते. डीन बॉडलींनी ही वार्ता व्हिक्टोरिया राणीला कळवली आणि राणीकडून अभिनंदनाचा निरोप आला. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनीही अभिमानाने मजकूर छापले. त्याच सुमारास कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या. आपल्याकडच्या बायकांच्या वैद्यकीचा आरंभ या दोघींपासून मोजतात.

त्या दिवसानंतर आनंदीबाई किती जगल्या? ३५२ दिवस. पुरते वर्षही नाही.

परीक्षेच्या ताणाने प्रकृती आधीच खालावली होती. अनुभव घ्यावा म्हणून त्या बॉस्टनच्या बायका-मुलांच्या रुग्णालयात गेल्या, पण खोकला आणि ताप पाठ सोडेनात. मधल्या काळात कोल्हापूर दरबारचे बोलावणे आले. तिथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआर रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागाच्या मुख्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे तेच कोल्हापूर, जिथे गोपाळराव बायकोला बरोबर घेऊन फिरायला निघत तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हसत. तिथेच आता त्या डॉक्टर म्हणून जाणार होत्या. ऑक्टोबर १८८६ मध्ये न्यूयॉर्कहून पती-पत्नी निघाली आणि १६ नोव्हेंबरला मुंबईला पोचली. स्वागत मोठे झाले. ज्यांनी जाताना नावे ठेवली, त्यांतले कित्येक आता हार घेऊन आले होते. पण आनंदीबाईंना धड उभे राहवत नव्हते.

पुण्यात वैद्यांचे उपचार झाले. गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यातच गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना राहिला होता. आपल्या देशात, आपल्या विभागात, एकही रोगी त्यांना डॉक्टर म्हणून तपासता आला नाही. आज तिचे नाव घेणाऱ्या भाषणांत हे वाक्य सहसा गाळले जाते. पदवीच्या बातमीला लागलेले ते गालबोट वाटत असावे. मला मात्र वाटते, ते सांगितल्याशिवाय त्या पदवीचे मोल कळत नाही. इतकी किंमत मोजून घेतलेली विद्या वापरायला मिळाली नाही, हा घाव केवळ जोशी घराचा नव्हता.

गोपाळरावांनी रक्षा अमेरिकेला पाठवली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत मावशीने ती ठेवून घेतली. आजही तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे. गोपाळराव पुढे पुण्याच्या इतिहासात पुन्हा एकदा गाजले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्यातली बडी मंडळी जमली. टिळक, रानडे, गोखले यांच्यासारखी. मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली आणि कोणी काय घेतले याची यादी गोपाळरावांनी वर्तमानपत्रात छापून आणली! शहरभर प्रायश्चित्ताचा वाद माजला. त्या माणसाची खोड गेली नव्हती.

आणि काही आठवड्यांसाठी आलेली पाहुणी? ती परतलीच नाही. आनंदीबाईंच्या पदवीने अमेरिकन बायकांच्या मनात हिंदुस्थानातल्या बायकांविषयी जे कुतूहल जागे केले, ते रमाबाईंनी वाया जाऊ दिले नाही. गावोगाव त्यांची व्याख्याने होऊ लागली. फिलाडेल्फियातच त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. आनंदीबाईंच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा त्या अमेरिकेतच होत्या. त्याच वर्षी, १८८७ मध्ये, त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले. प्रस्तावना डीन बॉडलींची होती आणि तिच्यात आनंदीबाईंच्या आयुष्याला आणि मृत्यूला मोठी जागा मिळाली. या पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसा पुरवण्याचा तिने पत्कर घेतला. डॉक्टरीणबाई नाही राहिली, तर निदान दुसऱ्या मुलींना शिकवणारे घर उभे करायचे, इकडे ही बाई वळली होती.

फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईत उतरल्या आणि पुढच्याच महिन्यात चौपाटीला विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झाले. तारीख ११ मार्च. फिलाडेल्फियाच्या समारंभाला बरोबर तीन वर्षे झाली होती. उद्‌घाटनाच्या अध्यक्षा काशीबाई कानिटकर. बाईमाणसाने सभेचे अध्यक्ष व्हावे, ही गोष्ट तेव्हा नवलाईची होती. याच काशीबाईंनी पुढे आनंदीबाईंचे मराठी चरित्र लिहिले. ते १८८९ साली प्रसिद्ध झाले.

शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत देवरूखची गोदू जोशी ही बालविधवा होती. संस्था पुण्याला आली तशी तीही आली. ११ मार्च १८९३ रोजी या गोदूबाईंचा फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. लग्नानंतर त्यांचे नाव ठेवले आनंदी. पुढे बाया कर्वे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. हिंगण्याच्या संस्थेसाठी झोळी घेऊन फिरणाऱ्या बाया त्याच.

त्याच वर्षी शारदा सदनावर धर्मांतराचे आरोप झाले, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. हे वादळ खोटे नव्हते आणि त्यात सगळा दोष एका बाजूचाही नव्हता. विधवांना शिकवणे आणि त्यांना ख्रिस्ताकडे नेणे या दोन गोष्टी रमाबाईंच्या मनात वेगळ्या राहिल्या नाहीत, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे. पण पुण्याने पाठ फिरवली म्हणून त्या थांबल्या नाहीत. केडगावला रेल्वेलगत जमीन घेतली होती. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना गाडीत घालून घेऊन आल्या. आपल्या आई-बापांना अन्नावाचून जाताना पाहिलेल्या बाईने दुसरे काय केले असते? पुण्यात प्लेगामुळे निर्बंध आले, तेव्हा मुलींचा तळ केडगावच्या माळावर पडला. विहिरी खणल्या, शेत धरले, छापखाना घातला. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदनाचे रीतसर उद्‌घाटन झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तर तिथल्या माणसांची संख्या हजारांवर गेली. त्या मुली माग चालवत, खिळे जुळवत, दूध काढत आणि शाळेत बसत.

त्यांच्या कामात उजवा हात होती मनोरमा. फिलाडेल्फियाला आईचे बोट धरून गेलेली तीच मुलगी. तिने केडगावची शाळा सांभाळली, दफ्तर सांभाळले, अमेरिकेत जाऊन वर्गणी गोळा केली. जुलै १९२१ मध्ये, आईच्या डोळ्यांदेखत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती गेली. रमाबाईंनी त्यानंतर जेमतेम आठ महिने काढले. हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर तेवढे त्यांनी पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी देह ठेवला.